जुने परदेशी सिनेमे पाहायला सुरुवात करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अठरा ते पंचवीसच्या आसपासच्या प्रेक्षकांसाठी आहे. जुना परदेशी सिनेमा पाहावासा वाटतो, पण पहिल्या दोन-तीन प्रयत्नांतच अडायला होतं, अशांसाठी. इथले प्रश्न फिल्म सोसायट्यांत आणि रसास्वाद शिबिरांत नव्या मंडळींकडून सतत येणारे आहेत.

जुना परदेशी सिनेमा म्हणजे नेमका कोणता?

या पानापुरता अर्थ: साधारण १९२० पासून १९७० च्या दशकाअखेरपर्यंत भारताबाहेर तयार झालेला सिनेमा. एक इराणी चित्रपट आम्ही मुद्दाम या मर्यादेबाहेरून घेतला आहे. त्याचं कारण पुढे येईल.

दोन-तीन सिनेमे लावून पाहिले. वीस मिनिटांत कंटाळा आला. हा प्रकार माझ्यासाठी नाहीच का?

असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. फाटक्या स्पीकरवर बैठकीतलं गाणं ऐकून गायकाबद्दल मत बनवू नये, तसंच हे आहे. नवख्या प्रेक्षकाला जी प्रत सहज सापडते ती बहुतेक वेळा वाईट असते. चौकटीच्या कडा कापलेल्या, पांढरा रंग जळालेला, आवाजात खरखर, सबटायटल दोन सेकंद पुढे. वरून टीव्ही स्वतःच्या मनाने चित्र गुळगुळीत करत असतो. एवढं सगळं सोसून कोणाचंही लक्ष टिकणार नाही. त्यामुळे आधी प्रत तपासा, मग टीव्ही, मग सबटायटल. हे तिन्ही नीट असूनही सिनेमा भिडला नाही तरच तो आपला नाही म्हणा. तेव्हाही त्या एका सिनेमापुरतंच म्हणा.

चांगली प्रत ओळखायची कशी?

पहिली खूण लांबीची. सिनेमा लावण्याआधी त्याची मूळ लांबी बघून घ्या आणि समोरच्या प्रतीशी ताडून पाहा. ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८) ८९ मिनिटांचा आहे, ‘राशोमोन’ (१९५०) ८८, ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) १३६ आणि ‘सेव्हन समुराई’ (१९५४) २०७. तुमच्या हाती ‘सेव्हन समुराई’ची अडीच-पावणेतीन तासांची प्रत आली असेल, तर ती परदेशी वितरणासाठी कापलेली आहे. ती बाजूला ठेवा.

फरक चार टक्क्यांचाच असेल, म्हणजे ८९ च्या जागी साडेपंच्याऐंशी किंवा १३६ च्या जागी साडेएकशेतीस मिनिटं, तर मात्र काही कापलेलं नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो. युरोपात आणि भारतात वापरली गेलेली पॅल ही व्हिडिओ पद्धत २५ चौकटींची. जुन्या डीव्हीडी करताना सिनेमा सरळ २५ च्या वेगाने पळवला गेला. त्यामुळे लांबी घटते आणि आवाजही जरा चढा लागतो. बघायला हरकत नाही, पण २४ च्या वेगाची प्रत मिळत असेल तर तीच घ्या.

दुसरी खूण कडांची. माणसं उभी असताना डोक्याचा वरचा भाग वारंवार कापला जात असेल, श्रेयनामावलीतली अक्षरं कडेला अर्धी दिसत असतील, तर चौकट छाटलेली आहे.

तिसरी खूण पांढऱ्या सदऱ्याची. दिवसाच्या दृश्यात कोणाच्या तरी अंगात पांढरा सदरा असतोच. त्याच्या चुण्या दिसतात का ते बघा. नुसता पांढरा डाग दिसत असेल तर प्रत नकलेवरून नक्कल करत आलेली आहे. रात्रीच्या दृश्यात काळ्या कोटामागची काळी भिंत वेगळी कळते का, हेही असंच बघून घ्या.

नीट दुरुस्त केलेल्या प्रतीच्या सुरुवातीला बहुधा एक पाटी येते: कोणत्या संग्रहालयाने, कुठल्या निगेटिव्हवरून, कोणत्या वर्षी काम केलं. ती पाटी दिसली की निश्चिंत व्हा. दोन-तीन प्रती समोर असतील तर एकच दृश्य तिन्हींत दोन-दोन मिनिटं लावा. फरक लगेच कळतो.

टीव्हीवर कोणती सेटिंग बदलायची?

सगळ्यात आधी चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सोनीवर तिला मोशनफ्लो म्हणतात, एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगवर पूर्वी ऑटो मोशन प्लस आणि आता पिक्चर क्लॅरिटी. सेकंदाला २४ चौकटी असलेल्या सिनेमात टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतो. मग पन्नासच्या दशकातला सिनेमा कालच शूट केलेल्या दैनंदिन मालिकेसारखा दिसायला लागतो आणि सगळं नकली वाटतं. अनेकांना जुना अभिनय ‘नाटकी’ वाटतो, त्यात या सोयीचाही मोठा हात असतो.

त्यानंतर पिक्चर मोड ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’वरून काढून ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा असेल तर ‘फिल्ममेकर मोड’वर न्या. रंगाचं तापमान ‘वॉर्म’ ठेवा. ‘कूल’वर कृष्णधवल चित्र निळसर पडतं. शार्पनेस खाली आणा, कारण तो वाढवला की फिल्मचा बारीक रवा (ग्रेन) मुंग्यांसारखा वळवळायला लागतो. बहुतेक टीव्हींवर तो शून्याच्या जवळ ठेवायचा, सोनीच्या अनेक टीव्हींवर मात्र ५० हा मधला, काहीही न बदलणारा आकडा असतो. नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर रव्याबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसल्या जातात. वीजबचतीची सोयही बंद ठेवा, कारण अंधाऱ्या दृश्यात ती पडदा आणखी मंद करते.

या सिनेमांचा आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा असतो. ‘सराउंड’ लावला की संवाद डबक्यातून आल्यासारखे येतात. ध्वनी ‘स्टँडर्ड’वर ठेवा.

दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. चित्र पडदाभर करू का?

अजिबात नको. बोलपट रुळल्यावर चौकटीचं प्रमाण १.३७ : १ ठरलं, म्हणजे उंची १ तर रुंदी १.३७. तुमचा टीव्ही १.७८ : १ आहे. म्हणून जवळजवळ पाव पडदा रिकामा राहतो. झूम केलंत तर तेवढाच भाग वरून-खालून जातो आणि ‘स्ट्रेच’ केलंत तर माणसं बुटकी-रुंद दिसतात. १९५३ पासून सिनेमास्कोप आला, त्याचं प्रमाण साधारण २.३५ : १. तिथे पट्टे वर आणि खाली येतात. युरोपातल्या साठच्या दशकातल्या बऱ्याच सिनेमांचं प्रमाण १.६६ असतं, तिथे बाजूला अगदी बारीक पट्टी दिसते. खोलीतला दिवा मालवला की पट्टे दिसेनासे होतात.

सुरुवात कुठून करायची?

शंभर मिनिटांच्या आतले, एका सरळ गरजेवर उभे असलेले सिनेमे आधी घ्या. कोणाला काय हवं आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं की देश, भाषा, साल यांचं ओझं वाटत नाही.

‘बायसिकल थीव्ज’मध्ये माणसाला कामासाठी सायकल हवी आहे. ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ (१९५९, ८८ मिनिटं) या सोव्हिएत चित्रपटातल्या पोरसवदा सैनिकाला पदकाऐवजी सहा दिवसांची रजा हवी आहे: दोन दिवस जायला, दोन यायला आणि दोन दिवस आईच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७, ९६ मिनिटं) जवळजवळ सगळा एका खोलीत घडतो. त्याची कथा तुम्हाला ‘एक रुका हुआ फैसला’ या हिंदी चित्रपटामुळे आधीच माहीत असेल, आणि म्हणूनच कॅमेरा काय करतो हे पाहायला तो सोयीचा. चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ (१९३१, ८७ मिनिटं) पहिला मूकपट म्हणून घ्या. त्याचं संगीत चॅप्लिनने स्वतः केलं आणि फिल्मवरच मुद्रित केलं, त्यामुळे वेग आणि संगीत यांचा पुढे सांगितलेला घोळ तिथे होत नाही.

आणि ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस’ (१९८७, ८३ मिनिटं). हा अब्बास किआरोस्तमीचा इराणी चित्रपट वयाने बाकीच्यांपेक्षा लहान आहे. पण मराठी प्रेक्षकाला संथ लय, साधी माणसं आणि अव्यावसायिक नट यांची सवय लावायला याच्याइतका चांगला सिनेमा आम्हाला माहीत नाही. एका मुलाने चुकून मित्राची वही घरी आणली आहे, ती परत न दिल्यास मित्राला शाळेतून काढतील. एवढंच.

हे पाच झाले की ‘राशोमोन’, त्रुफोचा ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ (१९५९, ९९ मिनिटं) आणि फ्रिट्झ लांगचा ‘एम’ (१९३१) घ्या. ‘एम’ बघताना मध्येच आवाज पूर्ण बंद झाल्यासारखा वाटेल. केबल तपासू नका. बोलपट नुकते आले होते आणि लांगने काही जागा खरोखरच निःशब्द ठेवल्या आहेत. त्यामुळेच खुन्याची शीळ अंगावर येते. दोन तासांच्या पुढचे ‘इकिरू’ (१९५२, १४३ मिनिटं) आणि ‘टोकियो स्टोरी’ यानंतर.

‘जगातले सर्वोत्तम शंभर’ अशा यादीत वरून खाली बघत गेलं तर?

बहुतेकांची गाडी इथेच घसरते. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी असं मतदान घेतं. १९५२ मध्ये ‘बायसिकल थीव्ज’ पहिला होता. तो कोणालाही दाखवावा असा आहे. २०२२ मध्ये ‘जान दीलमान’ (१९७५) पहिला आला. त्याची लांबी २०१ मिनिटं आणि त्यात एका बाईची घरकामं जवळजवळ पूर्ण वेळ देऊन दाखवलेली आहेत. असामान्य सिनेमा आहे, पण तो समजायला त्याआधीचे पन्नास पाहिलेले असावे लागतात. आंतोनिओनीचा ‘लावेन्तुरा’ १९६० मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवातल्या पहिल्या खेळाला हुर्यो उडवून घेऊन पुढे तिथलंच परीक्षकांचं पारितोषिक घेऊन गेला. मुरलेल्या प्रेक्षकांनाही तो तेव्हा जड गेला होता. तार्कोव्स्कीचा ‘मिरर’ही याच रांगेतला. हे सगळे दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

इंग्रजी सबटायटल वाचण्यातच वेळ जातो. चित्र बघायचं कधी?

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा हा अगदी खरा प्रश्न आहे. जुन्या परदेशी सिनेमांना मराठी सबटायटल सहसा मिळत नाहीत, त्यामुळे इंग्रजीशी जमवून घ्यावं लागतं. सबटायटल साधारण दोन ओळींचं असतं, ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि पडद्यावर एक ते सात सेकंद राहतं. शब्द न् शब्द वाचायला गेलात तर मागे पडाल. वर्तमानपत्राचा मथळा जसा एका नजरेत घेता तसा ओळीवर डोळा टाका आणि लगेच चेहऱ्याकडे वळा. अर्थ अर्धा कळला तरी चालेल, उरलेला आवाजातून आणि हातवाऱ्यांतून कळतो.

सराव म्हणून पहिली पंधरा मिनिटं बघा, थांबा, पुन्हा पहिल्यापासून लावा. दुसऱ्या वेळी संवाद ठाऊक असतात आणि डोळे मोकळे होतात. चार-पाच सिनेमांनंतर याची गरज उरत नाही. अक्षर लहान वाटत असेल तर व्हीएलसी या मोफत प्लेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘सबटायटल्स’ भागात आकार वाढवा, त्याला काळी किनार द्या.

सबटायटल पुढे-मागे होतात. दुरुस्त कसे करायचे?

सबटायटल वेगळ्या एसआरटी (.srt) फाइलमध्ये असतील तर आधी ती फाइल सिनेमाच्याच फोल्डरमध्ये, सिनेमाच्याच नावाने ठेवा. मग चूक कुठल्या जातीची आहे ते ओळखा. सुरुवातीचा एक संवाद आणि शेवटाकडचा एक संवाद तपासा.

दोन्हीकडे फरक सारखाच असेल, समजा तीन सेकंद, तर तो नुसता सरकलेला आहे. संगणकावरच्या व्हीएलसीत ‘एच’ दाबलं की सबटायटल उशिरा येतात, ‘जी’ दाबलं की लवकर. एका दाबाला ५० मिलिसेकंद, म्हणजे तीन सेकंदांसाठी साठ वेळा. त्यापेक्षा ‘टूल्स’मधल्या ‘ट्रॅक सिंक्रोनायझेशन’मध्ये थेट आकडा भरणं सोपं.

फरक वाढत जात असेल, दहाव्या मिनिटाला पंचवीस सेकंद आणि तासाभराने अडीच मिनिटं, तर वर सांगितलेला २४ आणि २५ चा घोळ आहे. सबटायटल पॅल डीव्हीडीवरून काढलेले, सिनेमा मात्र २४ चा. इथे ‘जी’ आणि ‘एच’ दाबून काही होणार नाही. ‘सबटायटल एडिट’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यातल्या ‘सिंक्रोनायझेशन’ यादीतून फ्रेम रेट बदलायचा पर्याय उघडा, २५ वरून २३.९७६ (व्हिडिओ फाइलींत २४ चा आकडा बहुधा असा असतो) करा आणि नव्या नावाने जतन करा.

फ्रेंच नावांमध्ये चौकोन किंवा भलतीच चिन्हं येत असतील तर फाइलचं एन्कोडिंग चुकलं आहे. त्याच सॉफ्टवेअरमध्ये ती यूटीएफ-८ मध्ये जतन करा. आणि मधल्या एखाद्या प्रसंगापासून अचानक पन्नास सेकंदांचा फरक पडत असेल, तर सबटायटल दुसऱ्या आवृत्तीचे आहेत. दुरुस्ती करत बसू नका, दुसरी फाइल शोधा.

इंग्रजी सबटायटलमध्ये काय काय हरवतं?

पुष्कळ, आणि इथे मराठी कान इंग्रजी कानापेक्षा जास्त पकडतो. आपल्याकडे तू आणि तुम्ही आहे. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘वू’, इटालियनमध्ये ‘तू’ आणि ‘लेई’, जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’. इंग्रजीत या सगळ्याचं एकच ‘यू’ होतं. फ्रेंच सिनेमात दोघं ‘वू’ वरून ‘त्यू’वर आले की त्यांच्यात काय घडलं ते सबटायटल सांगणार नाही, कान सांगतील. जपानीत नावापुढचं ‘सान’, ‘सामा’, ‘चान’ ऐकत राहा. घरातलं कोण कोणाला किती मान देतं हे त्यावरून कळतं.

इराणी सिनेमात तर शब्दच ओळखीचे निघतात. किआरोस्तमीच्या चित्रपटाचं मूळ नाव ‘खाने-ये दूस्त कोजास्त’. ‘खाने’ म्हणजे घर, आपल्या दवाखाना-कारखान्यातलं तेच, आणि ‘दूस्त’ म्हणजे दोस्त. तो मुलगा दारोदार ज्या वहीबद्दल विचारत फिरतो तिला फारसीत ‘दफ्तर’ म्हणतात. आपण तोच शब्द घेतला आणि पाठीवरच्या पिशवीला दिला. तो एकदा कानाने टिपला की मुलाची घालमेल सबटायटलच्या आधी पोचते.

शीर्षकंही फसवतात. ‘द फोर हंड्रेड ब्लोज’मध्ये चारशे फटके कुठेच नाहीत. फ्रेंचमध्ये ‘चारशे फटके करणं’ म्हणजे उंडारणं, उच्छाद मांडणं.

डब केलेली आवृत्ती बघितली तर काय बिघडतं?

नटाचा अर्धा अभिनय आवाजात असतो, तो जातो. मूळ भाषाच ठेवा. इटालियन सिनेमात मात्र मूळ भाषेतही ओठ आणि शब्द नीट जुळत नाहीत, त्याने गोंधळू नका. तिथे चित्रीकरण झाल्यावर आवाज स्टुडिओत भरायची पद्धत होती आणि पुष्कळदा नट वेगळा, आवाज देणारा वेगळा असे.

मूकपटात माणसं तुरुतुरु का पळतात?

ती तशी चालत नव्हती. मूकपटाच्या काळात कॅमेरा बराच काळ हाताने फिरवत. वेग ठरलेला नसे. सेकंदाला १६ ते २२ च्या आसपास, पुढे त्याहूनही जास्त. १८ चौकटींनी टिपलेलं दृश्य २४ ने दाखवलं की सगळं एक तृतीयांशाने जलद होतं. चांगल्या प्रतीत वेग सुधारलेला असतो. ड्रायरच्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ची (१९२८) २४ च्या वेगाची प्रत सुमारे ८२ मिनिटांची आहे आणि २० ची सुमारे ९७. दोन्ही पूर्णच आहेत.

संगीताचंही तसंच. मूकपटांना बहुधा थिएटरात वादक साथ करत, त्यामुळे एकाच सिनेमाला आज चार-पाच वेगवेगळी पार्श्वसंगीतं मिळतात. कुठलंही ढोबळ पियानोवादन चिकटवलेल्या प्रतीपेक्षा त्या सिनेमासाठी बेतलेलं संगीत असलेली प्रत निवडा. ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) घेताना २०१० ची आवृत्ती घ्या. पहिल्या खेळांनंतर कापलेला आणि हरवला असं समजलेला भाग २००८ मध्ये ब्युनोस आयरेसमधल्या संग्रहालयात १६ मिलिमीटर फिल्मवर सापडला. त्यातले तुकडे ओरखड्यांनी भरलेले आणि जरा लहान चौकटीत दिसतात. ती प्रतीची खराबी नाही, एवढंच वाचलं आहे.

‘संथ’ सिनेमात बघायचं तरी काय?

‘बायसिकल थीव्ज’च्या सुरुवातीचा एक प्रसंग घ्या. गहाण पडलेली सायकल सोडवायला पैसे नाहीत, म्हणून बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते, धुते आणि दोघं त्या गहाण टाकायला नेतात. खिडकीवर पैसे मिळतात. इथे कट करून पुढे जाता आलं असतं. दिग्दर्शक दि सिका थांबतो. नवरा खिडकीतून आत बघत राहतो. कारकून चादरींचं गाठोडं घेऊन मांडणीवर चढतो, आणखी वर चढतो, आणि आपल्याला दिसतं की खालपासून छतापर्यंत सगळे कप्पे अशाच गाठोड्यांनी भरलेले आहेत. एक संवाद नाही. युद्धानंतरच्या रोममध्ये किती घरं चादरीशिवाय झोपत होती, ते त्या काही सेकंदांत कळतं. कारकून चढत असताना तुम्ही मोबाइलकडे पाहिलंत तर ‘काही घडलंच नाही’ असं वाटेल.

ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ याहून शांत आहे. म्हातारे आईवडील गावाहून मुलांकडे येतात, मुलांना वेळ नाही. कॅमेरा जवळजवळ कधीच हलत नाही आणि जमिनीलगत असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही जरा खाली. पंगतीत बसून घर पाहिल्यासारखं. दिवस उकाड्याचे आहेत, जवळजवळ प्रत्येकाच्या हातात पंखा आहे. लेकीच्या पार्लरमध्ये गिऱ्हाईक विचारतं, हे कोण? ती सांगते, गावाकडचे ओळखीचे. विधवा सून मात्र एक दिवसाची रजा काढून त्यांना शहर दाखवते, घरी नेते आणि शेजारणीकडून उसनी साके (जपानी दारू) आणून सासऱ्यांपुढे ठेवते. कोणीही आवाज चढवत नाही. कोण कोणाकडे पाठ करून बसलं आहे, पंखा कधी थांबतो, कोण आधी उठतं, हे बघत राहा. सगळी गोष्ट तिथे आहे.

सवय लागावी म्हणून एक उपाय: कुठल्याही सिनेमाची पाच मिनिटं घ्या आणि प्रत्येक कटला कागदावर रेघ मारा. अलीकडच्या एखाद्या मारधाडपटाचीही पाच मिनिटं अशीच मोजा. दोन्ही कागद शेजारी ठेवलेत की जुना दिग्दर्शक तुम्हाला किती वेळ देतो ते समोर येतं.

दीडपट वेगाने पाहिलं तर चालेल?

नाही. विनोद आणि ताण दोन्ही वेळेच्या हिशोबावर बेतलेले असतात. वेळ कमी असेल तर छोटा सिनेमा निवडा. बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) ४५ मिनिटांत संपतो.

मोबाइलवर बघू का?

दुसरं काहीच नसेल तर बघा, पण अंधारात, इयरफोन लावून, नोटिफिकेशन बंद करून. जवळून टिपलेल्या चेहऱ्यांचे सिनेमे मोबाइलवर निभावतात. सिनेमास्कोप नाही. सहा इंचांच्या पडद्यावर तो पट्टीएवढा उरतो.

जुने कृष्णधवल सिनेमे रंगवलेल्या आवृत्त्यांत मिळतात. त्या घ्याव्यात का?

घेऊ नयेत. ‘राशोमोन’च्या सुरुवातीचा धो धो पाऊस पडद्यावर उठून दिसावा म्हणून पाण्यात काळी शाई मिसळली होती. छायाचित्रकार करड्या छटांचाच विचार करून कपडे, भिंती, प्रकाश ठरवत असे. वरून ओतलेला रंग ते सगळं झाकून टाकतो.

हे सिनेमे मिळतात कुठे?

मुबी ही ऑनलाइन सिनेमा दाखवणारी सेवा भारतात आहे आणि जुने सिनेमे तिथे नियमित येतात, पण यादी बदलत राहते. आवडीचं दिसलं की लगेच बघून टाका. यूट्यूबवर मॉसफिल्म या रशियन स्टुडिओचं अधिकृत चॅनेल आहे, त्यावर कितीतरी सोव्हिएत चित्रपट इंग्रजी सबटायटलसह मोफत आहेत. कोरियन चित्रपट संग्रहालयाचं ‘कोरियन क्लासिक फिल्म’ हे चॅनेलही तसंच, ‘द हाउसमेड’ (१९६०) तिथे बघा. क्रायटेरियन चॅनेल ही सेवा अमेरिका आणि कॅनडापुरती आहे, हे तिकडच्या मराठी मंडळींच्या उपयोगाचं.

डिस्क मागवणार असाल तर प्रदेश-कोड तपासा. ब्लू-रेमध्ये भारत ‘सी’ विभागात येतो, अमेरिका आणि जपान ‘ए’ मध्ये, ब्रिटन ‘बी’ मध्ये. साध्या प्लेअरवर दुसऱ्या विभागाची कुलूपबंद डिस्क चालणार नाही. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला असं कुलूप नसतं, पण तिला वेगळा प्लेअर लागतो.

जुना म्हणजे कॉपीराइट संपलेला असतो ना?

प्रत्येक वेळी नाही. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. १९५४ चा चित्रपट २०१४ च्या अखेरीस मोकळा झाला. पण नवं संगीत आणि सबटायटल यांचे हक्क स्वतंत्र असतात आणि दुरुस्त केलेल्या प्रतींवरही हक्क सांगितले जातात. शिवाय इतर देशांत मुदती वेगळ्या आहेत. कॉलेजात खेळ लावणार असाल तर ज्यांची प्रत आहे त्यांची लेखी परवानगी घ्या.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात मोठ्या पडद्यावर बघायला मिळतील?

मिळतात, आणि एकदा तरी तसेच बघा. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, पी. के. नायर यांनी ते उभं केलं, आणि तिथे जगभरचे चित्रपट जपलेले आहेत. पुण्यात आशय फिल्म क्लब, मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ अशा फिल्म सोसायट्या वार्षिक वर्गणीत खेळ दाखवतात. प्रभातचं ‘वास्तव रूपवाणी’ हे मराठी नियतकालिक वाचनासाठी चांगलं. सभासदत्वाला साधारणतः १८ वर्षं पूर्ण लागतात. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्यूलर भवन आणि आलियान्स फ्रान्सेझ या जर्मन आणि फ्रेंच सांस्कृतिक केंद्रांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. महोत्सवांत नव्या चित्रपटांची गर्दी असली तरी पणजीचा इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात) आणि पुण्याचा पिफ (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) यांत सिंहावलोकनाचा आणि दुरुस्त प्रतींचा विभाग शोधा. सहसा तिथे रांगही कमी असते. महिनाभर वेळ असेल तर एफटीआयआय (पुण्याची चित्रपट प्रशिक्षण संस्था) आणि संग्रहालयाचा चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम आहे. मराठी शिबिरंही भरतात.

आपल्या सिनेमाशी याचा काही संबंध आहे का?

मुळापासून आहे. ल्युमिएर बंधूंचा खेळ ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्तचरित्रावरचा परदेशी मूकपट मुंबईत पाहिला आणि आपल्या देवतांचा असा चित्रपट करायचा ध्यास घेतला. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यातून आला. सत्यजित राय यांनी १९५० मध्ये लंडनमध्ये ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला. १९५२ मध्ये भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला, तिथे हाच सिनेमा आपल्या चित्रकर्मींना दिसला आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. वाट उलटीही होती. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात नावाजला गेला.

जुन्या सिनेमांतला वर्णद्वेष, बायकांना दिलेली वागणूक खटकते. तरी बघायचे?

खटकू द्या, डोळेझाक करू नका. ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) तंत्रासाठी शिकवला जातो आणि तो कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या संघटनेचा उदोउदो करतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सुरुवातीच्या यादीत असा सिनेमा घेऊ नका. पुढे बघाल तेव्हा सोबत त्यावर वाचा.

पाहिलेलं लक्षात राहत नाही. काय करावं?

एक वही ठेवा. नाव, साल, देश, दिग्दर्शक, प्रतीची लांबी आणि कुठे पाहिला. त्याखाली डोळ्यांसमोर राहिलेलं एकच दृश्य तीन-चार ओळींत: कॅमेरा कुठे होता, उजेड कुठून येत होता, कोण काय करत होतं. मत लिहू नका, दिसलं ते लिहा. समीक्षा त्यानंतर वाचा, आधी नाही. आठवड्याला एक सिनेमा पुरतो. दोन सिनेमांमध्ये निदान एक रात्र जाऊ द्या. वर्षाअखेरीला वही उघडून सुरुवातीला नावडलेल्यांपैकी एक पुन्हा लावा, या वेळी चांगल्या प्रतीत.